मी करपल्लवी छापून आणली

हल्ली नवी लिहिणारी पोरं माझ्याकडं येतात आणि विचारतात, "काका, लिहायला काय काय लागतं?" मी सांगतो, बोरू लागतो, शाई लागते, आणि दुसऱ्याच्या घरातलं उचलून आणायला लागतो तसा निगरगट्टपणा लागतो. पोरं हसतात. म्हातारा तिरसट आहे म्हणतात. तिरसट तर मी आहेच. पण त्यात थट्टा काही नाही. मी स्वतः असं उचलून आणलेलं आहे, आणि त्यापायी एका माणसाचं बोलणं कायमचं गेलं. कसं गेलं ते आज सांगून टाकतो, म्हणजे पुन्हा कोणी मला हा प्रश्न विचारायला नको.

कापसाला सोन्याचा भाव आला त्या वर्षांतली ही गोष्ट. समुद्रापल्याड कुठं तरी गोऱ्या लोकांची आपसात लढाई जुंपली, आणि इकडं अमरावतीच्या रस्त्यांवर बैलगाड्यांमुळं पाय ठेवायला जागा उरेना. काल ठिगळाचं धोतर नेसणारा माणूस आज रेशीमकाठी उपरणं खांद्यावर टाकून हिंडायचा. पैसा आला की माणसाला आधी देव आठवतो आणि मग लग्न. त्यामुळं लग्नं दणक्यात व्हायची, आणि लग्न म्हटलं की देवीचा गोंधळ आलाच. पूर्वी घरच्या दहा माणसांपुढं व्हायचा तो गोंधळ आता मांडव घालून, गावजेवण घालून व्हायला लागला.

मी तेव्हा अमरावतीच्या सरकारी शाळेत पंतोजी होतो. जातीनं कुणबी, गाव बडनेऱ्याच्या वाटेवर कोसभर. घरी काळ्या मातीचं वावर होतं, ते माझा भाऊ कसायचा. मी रोज पायी शाळेत यायचो आणि पायी परत जायचो. कुणब्याचा पोरगा पंतोजी झाला याचं गावाला कौतुक होतं आणि कचेरीतल्या पुण्याकडच्या लोकांना हसू होतं. माझ्या तोंडून 'मले' किंवा 'काहून' निघालं की ते एकमेकांकडं बघायचे. एकानं तर मला तोंडावर विचारलं होतं, "पंतोजी, तुम्ही मुलांना मराठी शिकवता की मुलं तुम्हाला?" त्या दिवशी घरी जाताना मी सगळी वाट शिव्या देत गेलो. मनातल्या मनातच. उघड द्यायची छाती नव्हती, हेही सांगतो.

त्या रागातूनच मला लेखक व्हायचं होतं. पुस्तक छापून येईल, त्यावर माझं नाव असेल, आणि हेच लोक ते विकत घेऊन वाचतील. मी एक वही केली होती. कानावर पडेल तो शब्द त्यात उतरवायचा. पण अकारविल्हे लावायचा नाही, कामाप्रमाणं लावायचा. पेरणीचे शब्द एकीकडं, वेचणीचे एकीकडं, बायका भांडताना वापरतात ते एकीकडं. लिहिणाऱ्याला शब्द हवा असतो तेव्हा त्याला त्याचं पहिलं अक्षर थोडंच माहीत असतं? त्याला माहीत असतं की बाई शेताच्या धुऱ्यावर उभी आहे, तिच्या पदराच्या ओट्यात कापूस आहे आणि ती चिडलेली आहे. मग त्या पानावर जायचं. वही चांगली होती. आजही म्हणतो, चांगली होती.

आता ज्याच्यासाठी ही सगळी कहाणी, त्या माणसाकडं येतो. आमच्या गावाच्या कडेला गोंधळ्यांची दोन भावांची घरं होती. आमच्या घराण्याचा गोंधळ पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडंच. त्यातला थोरला भाऊ म्हणजे माझा खरा गुरू. लहानपणी मी त्याच्या अंगणात बसून गोष्टी ऐकल्या. गोष्ट कुठं थांबवायची, ऐकणाऱ्याला कुठं ताटकळत ठेवायचं, कुठं एका वाक्यात राजाला मारून टाकायचं, हे मी त्याच्याकडून शिकलो. शाळेत मला अक्षरं मिळाली. गोष्ट त्यानं दिली.

मग त्याच्या गळ्याला काही तरी झालं. आधी आवाज घोगरा झाला, मग नुसती हवा यायला लागली, आणि एका उन्हाळ्यात तीही बंद. गोंधळ्याचा गळाच गेला म्हटल्यावर काय राहिलं? लोक म्हणाले, बसला आता घरी. पण तो बसला नाही, कारण त्याचे हात होते.

गोंधळात एक खेळ असतो. थोरला भाऊ लोकांमधे फिरायचा. कोणीही त्याच्या कानात एक नाव सांगायचं, बायकोचं, गावाचं, मेलेल्या आज्याचं, कुठलंही. थोरला तोंड मिटून उभा. तो नुसता नाचात हलवावेत तसे हात हलवायचा, आणि पन्नास पावलांवर संबळापाशी उभा असलेला धाकटा तेच नाव गाण्यात गुंफून म्हणायचा. लोकांची तोंडं वासायची. म्हाताऱ्या बायका देवीला हात जोडायच्या. ह्या विद्येला करपल्लवी म्हणतात. धाकट्याचा गळा होता, थोरल्याचे हात होते, आणि ह्या एका खेळासाठी कापसाचे शेट त्या दोघांना मुद्दाम बोलावून न्यायचे. थोरल्याला पंगतीत मानाचं ताट मिळायचं ते ह्याच खेळामुळं.

आणि घरीही तो भावाशी हातांनीच बोलायचा. भाकरी वाढ, बैल सोड, पाऊस येईल, सगळं हातांनी. मी बाजूला बसून बघायचो आणि मला रडू यायचं. माझा गोष्ट सांगणारा माणूस समोर बसलेला आणि मला एक अक्षर कळत नाही! एकदा मी तसं बोलून दाखवलं. थोरल्यानं माझ्याकडं बघितलं, मग भावाकडं बघून हात हलवले. धाकट्याचं तोंड उतरलं.

"काय म्हणते तो?" मी विचारलं.

"तुमाले शिकवतो म्हणते," धाकटा म्हणाला. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "पंतोजी, आमच्या घराबाहेर हे कोणाले देलं नाई. तुमी त्याले पोरासारखे, म्हणून तो देऊन राहिला. पण बोटातलं बोटातच राहू द्या. तुमाले वावर आहे, आमाले हे आहे."

"अजी, मी काय बाजारात दवंडी पिटणार हाओ का?" मी म्हणालो.

"तसं नाई. पण तुमी लिहिता, म्हणून म्हटलं."

मी देवीची शपथ घेतली. त्याच्या ओसरीवर, संबळाला हात लावून घेतली.

शिकायला महिना लागला. नागाचा फणा केला की स्वर. कमळाची कळी केली की क, ख, ग, घ. चाक फिरवलं की च, छ, ज, झ. धनुष्य ताणलं की ट-ठ. मग बोटं दाखवायची, ओळीतलं कितवं अक्षर ते. मग चुटक्या, काना-मात्रा कितवी ते. थोरल्याला कागदावरचा 'क' ओळखू येत नव्हता. आयुष्यात पाटीला हात लावलेला नाही, पण सगळी बाराखडी त्याच्या बोटांत होती. मला आधी हसू आलं आणि मग लाज वाटली. मी तीस पोरांना पट्टी मारून जे शिकवत होतो ते ह्या माणसाला कोणी पाटी न देता येत होतं.

आणि मग त्यानं मला पुन्हा गोष्टी सांगायला सुरवात केली. अक्षर अक्षर जोडून. तुम्हाला कल्पना नाही येणार. एकेका अक्षराला तीन खुणा. माणूस दमून जातो. त्यामुळं त्याच्या गोष्टीत एकही फुकटचा शब्द राहिला नाही. पूर्वी अर्धी घटका चालायचं ते राणीचं वर्णन आता दोन शब्दांत यायचं: 'राणी. उपाशी.' आणि मी अंगावर काटा येऊन बसून राहायचो. मी पुढं जे काही बरं लिहिलं, ते ह्या महिन्या-दोन महिन्यांत शिकलो. अजूनही एखादं वाक्य लांबलं की मी स्वतःला विचारतो, हे बोटांनी सांगायला लागलं असतं तर सांगितलं असतंस का रे? नव्या पोरांना हे सांगायला हवं खरं तर. पण मग कुठून शिकलात विचारतील, आणि ते सांगायला आजवर जीभ उचलली नाही.

त्याच सुमारास शाळा तपासायला पुण्याकडचे एक विद्वान आले. मी धीर करून माझी वही त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी चार पानं उलटली, नाकाला उपरणं लावल्यासारखं तोंड केलं आणि म्हणाले, "हे ग्राम्य आहे हो. ह्याचा लिहिणाऱ्यास उपयोग काय? ह्यात शेणाचा वास येतो." मग जरा दया आली असावी. म्हणाले, "मी एक पुस्तक काढतो आहे. भाषेतील चमत्कार. कोडी, कूट, सांकेतिक भाषा, ग्रंथकारांस आणि रसिकांस उपयोगी असे. तसले काही असेल तुमच्याकडे तर पाठवा. तुमचे नाव घालू."

तुमचे नाव घालू. बस्स. एवढ्यावर मी विकला गेलो.

मी स्वतःची समजूत कशी घातली तेही सांगतो, कारण लिहिणारा माणूस ह्या कामात भारी पटाईत असतो. मला वाटलं, पुस्तक पुण्यात छापणार, पुण्यात वाचणार. आमच्या वऱ्हाडात कोण वाचतं? विद्या जपून ठेवली पाहिजे, हे दोघे मेले की नष्ट होईल. मी तर उपकारच करतोय! असं म्हणत म्हणत मी एका रविवारी कागद घेऊन थोरल्याच्या अंगणात गेलो आणि म्हणालो, जरा हात धर, मी चित्र काढून घेतो.

त्यानं हातांनी विचारलं, 'काहून?'

मी हातांनीच उत्तर दिलं, 'विसरीन म्हणून.'

त्यानं मान हलवली. उन्हात बसून एकेक खूण मला हवा तेवढा वेळ धरून ठेवली. फणा काढताना त्याचा हात भरून आला, तर त्यानं दुसऱ्या हातानं मनगट धरलं, चित्र नीट यावं म्हणून. मी सगळी चित्रं काढली. त्याच्या बायकोनं मला ताक दिलं, ते प्यालो आणि घरी आलो.

पुस्तक टपालानं आलं. शिळाछाप, पिवळा कागद. माझी चित्रं छान उतरली होती. नाव शोधलं. पहिल्या पानावर नाही, शेवटच्या पानावर नाही. करपल्लवीच्या प्रकरणाखाली बारीक अक्षरात एक ओळ होती: 'एका वऱ्हाडी स्नेह्याने पाठविलेल्या टिपणांवरून.' मी ते पुस्तक भिंतीवर फेकलं. मग उचललं, झटकलं आणि पेटीत ठेवलं. तेव्हाही मला दुःख झालं ते माझ्या नावाचं. त्याचं नाही.

वऱ्हाडात कोण वाचतं, असं मी म्हणालो होतो ना? पैसा आला की माणसाला शौकही लागतात. अमरावतीच्या नव्या शेटांना पुण्या-मुंबईची पुस्तकं कपाटात ठेवायची हौस आली होती. कोणी वाचत नव्हतं, पण चित्रं सगळे बघायचे. ह्या पुस्तकात तर हातांची चित्रं. दोन महिन्यांत कापसाच्या बाजारात दलालांची पोरं एकमेकांना खुणा करून शिव्या द्यायला लागली. मी बघत होतो आणि मला काय होणार ते कळत होतं. तरी मी गोंधळ्यांच्या घरी जाऊन सांगितलं नाही. आज सांगतो, उद्या सांगतो करत राहिलो. त्यांच्या घरापुढून जायला लागू नये म्हणून मी शाळेची वाटसुद्धा बदलली.

मग एका दलालाच्या घरी लग्न निघालं. मांडवात निम्मी अमरावती लोटलेली. दिवेलागण झाली होती. पंतोजी म्हणून मलाही बोलावणं होतं, मी मागं खांबाला टेकून बसलो. गोंधळाला हेच दोघे. धाकट्यानं गण गाइला, गळा सुरेख लागला. मग खेळाची वेळ झाली. थोरला नवं पागोटं बांधून लोकांत आला. नवऱ्या मुलाच्या चुलत्यानं त्याच्या कानात नाव सांगितलं. थोरल्यानं हात वर घेतले.

कमळाची कळी झाली, आणि बोटं उघडायच्या आत पुढच्या रांगेतून कोणी ओरडलं, "क-ख-ग मधलं आहे!"

हशा झाला. धाकटा तिकडं संबळापाशी गोंधळला. थोरल्याला वाटलं असावं, कोणी सहज बोललं. त्यानं पुढची खूण केली. आता तीन-चार गळे एकदम निघाले. एक पोट्टं पुस्तक उघडून उभंच राहिलं होतं, चित्र बघून अक्षर सांगत होतं. धाकट्यानं तोंड उघडायच्या आधी अख्ख्या मांडवानं नाव म्हणून टाकलं आणि टाळ्या पिटल्या. लोकांना वाटलं, काय मजा आहे! वाईट हेतू कोणाचाच नव्हता, हे मी त्यांच्या बाजूनं सांगतो. "आणखी एक, आणखी एक," म्हणून ओरडत होते.

थोरला मधोमध उभा होता. त्याला अजून कळलं नव्हतं, हे लोकांना कुठून आलं. त्यानं पुस्तकातली चित्रं लांबून पाहिली. आपलेच हात माणूस ओळखतो. मग त्यानं भावाकडं बघितलं आणि छातीजवळ, अगदी लहान लहान खुणा केल्या. हा खेळ नव्हता. ते त्याचं घरातलं बोलणं होतं.

"घ!" पुढचे ओरडले. "री! चा! ल!"

"घरी चाल! म्हणते घरी चाल!" मांडव हसून हसून लोळायला लागला. "अबे, घरी काहून चालला बुवा? जेवून तर जा!"

त्यानं हात खाली केले. गर्दीत त्याचे डोळे फिरले आणि खांबापाशी माझ्यावर आले. मी तोंड फिरवलं. लोकांसारखा हसलो नाही, एवढंच माझ्या बाजूनं सांगण्यासारखं आहे, आणि ते फार थोडं आहे.

त्यानंतर त्या दोघांना गोंधळाचं बोलावणं आलं नाही. ज्याची किल्ली पोराटोरांना ठाऊक आहे तो खेळ कोण बघणार? पुढं कापसाचा भाव कोसळला, शेट लोक बुडाले, लग्नं पुन्हा साधी झाली. आता गावात कोणी विचारलं तर लोक सांगतात, भाव पडला म्हणून गोंधळी गाव सोडून गेले. मी ऐकून घेतो. पण ते भाव पडायच्या वर्षभर आधीच गेले होते.

कुठं गेले ते मला उशिरा कळलं. अकोल्याला. तोवर आगगाडी सुरू झाली होती. मी बडनेऱ्याहून गाडीत बसलो आणि वाटभर मांडीवर बोटांनी घोकत गेलो. सराव राहिला नव्हता. 'चुकलो. माफ कर.' एवढंच म्हणायचं होतं, आणि ते तोंडानं म्हणायचं नव्हतं, त्याच्या भाषेत म्हणायचं होतं. तेवढं तरी नीट यावं असं वाटत होतं.

कापसाच्या एका वखारीमागं त्यांची खोली सापडली. धाकटा गठाणी वाहायचा. गाणं सोडलं होतं. थोरला भिंतीला टेकून कापसातली काडी-पत्ती निवडत बसला होता. मला बघून धाकटा उठला नाही. "या" म्हणाला, आणि घडवंचीवरची घागर दाखवली, पाणी घ्या म्हणून.

मी थोरल्यासमोर बसलो. हात वर घेतले. एकेक खूण केली. मधेच एक अक्षर चुकलं, ते पुन्हा केलं. त्यानं शेवटच्या चुटकीपर्यंत नीट बघितलं, पूर्वी शिकवताना बघायचा तसंच. मग मान खाली घालून तो पुन्हा कापूस निवडायला लागला.

मी थांबलो. वाटलं, विचार करतोय. दोन शब्दांत काही तरी सांगेल. शिवी देईल, तीही चालली असती.

"वाट पाहू नका," धाकटा म्हणाला. "त्यानं हात सोडले. त्या दिवसापासून. माह्याशीबी नाई बोलत. भूक लागली तं ताट पुढं वढते. अंग दुखलं तं कण्हते. म्या हातापाया पडलो, म्हटलं इथं आता आपण घरचेच आहो, कोण पायते? नाई." त्याचा आवाज चढला. "गळा देवानं नेला तई आमी देवाले काई म्हटलं नाई, पंतोजी. हे आता कोणाले म्हणावं?"

"मले म्हण," मी म्हणालो.

"तुमाले म्हणून का होते? पुस्तकात आलं न आता ते सारं. त्याले काय म्हणायचं आहे ते तुमीच वाचून सांगा मले. तुमाले येते."

मी थोरल्याच्या गुडघ्याला हात लावला. तो थांबला. बोटांना लागलेला कापूस त्यानं सावकाश काढला, एकेका बोटाचा. त्यानं दोन्ही हात वर घेतले, तळवे एकमेकांना जोडले, कपाळापर्यंत नेले आणि दाराकडं बघितलं.

दारात आलेल्या कोणालाही आपण वाटेला लावताना हेच करतो. मी उठलो, जोडे घातले आणि स्टेशनाकडं निघालो.